बाम्बी की जंगल बुक? सुट्टीत पोरांना आधी कुठला दाखवायचा

मे महिन्यात भावाबहिणींची पोरं एका घरात गोळा होतात. दुपारच्या उन्हात त्यांना बाहेर सोडता येत नाही आणि मोबाइल हातात द्यायचा नाही, हे मोठ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, प्राण्यांचा एखादा जुना कार्टून सिनेमा लावा की. नावं फिरून फिरून दोनच येतात: डिस्नेचा १९६७चा ‘जंगल बुक’ आणि त्याच कंपनीचा, हरणाच्या पाडसाची गोष्ट सांगणारा १९४२चा ‘बाम्बी’. आमच्या सांगलीकडे निकाल बहुतेक वेळा पहिल्याच्या बाजूने लागतो. मोगली आपला, जंगल आपल्या देशातलं, बालू-हाथी-शेरखान ही नावंसुद्धा ओळखीची. माझं मत उलट आहे. पोरं सहाच्या पुढची असतील तर आधी ‘बाम्बी’ लावा. परदेशातल्या बर्फात घडत असला तरी आपल्या रानाच्या जास्त जवळचा तोच आहे.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आज चाळिशीत असलेल्या आईबापांना ‘जंगल बुक’ म्हटलं की दूरदर्शनवरची रविवारची सकाळ आठवते. गुलजारांचं चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं आठवतं, शेरखानला नाना पाटेकरांनी दिलेला आवाज आठवतो. ती मालिका जपानी होती, १९९३मध्ये ती हिंदीत आपल्याकडे दिसायला लागली. डिस्नेच्या सिनेमाशी तिचं नातं एवढंच की दोघांनीही मोगली किपलिंगच्या १८९४च्या पुस्तकातून उचलला. या सिनेमात ते गाणं नाही आणि नानाही नाहीत. जुन्या आठवणीपोटी लावणार असाल तर दहा मिनिटांत हिरमोड तुमचाच होईल. पोरांचं काही बिघडणार नाही.

पोरांना ‘जंगल बुक’ आवडतोच, यात वाद नाही. अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा मामला. गोष्ट म्हणाल तर मोगलीला माणसांच्या वस्तीपर्यंत पोचवायचं, आणि वाटेत एकेक जनावर भेटत जातं. वॉल्ट डिस्नेने जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा सिनेमा. तो डिसेंबर १९६६मध्ये गेला आणि सिनेमा पुढच्या ऑक्टोबरात पडद्यावर आला. यातला बालू म्हणजे निव्वळ आनंद आहे. पाठ खाजवायला तो झाडाला अंग घासतो, तेवढ्याने भागत नाही म्हणून झाडच उपटून पाठीवर रगडतो आणि शेवटी पाण्यात जाऊन पडतो. चार वर्षांचं पोरसुद्धा इथे खिदळतं, भाषा कळो न कळो. गंमत म्हणजे झाडाला पाठ घासणं आणि दगड उलटून मुंग्या खाणं ही आपल्या रानातल्या अस्वलाची खरीच सवय आहे. बाकी सगळा बालू मात्र मित्रमंडळातला गडी. कोयनेच्या रानाकडेच्या गावातल्या माणसाला अस्वल किती दिलदार असतं ते सांगून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते कळेल.

माझं दुखणं इथेच सुरू होतं. सिनेमातलं जंगल नावापुरतं भारतातलं आहे. माकडांचा राजा लुई हा ओरँगउटान, म्हणजे बोर्निओ-सुमात्राचा रहिवासी. किपलिंगच्या माकडांना राजाच नाही, हा सिनेमावाल्यांनी घुसडलेला. गिधाडांचे केस बीटल्स या ब्रिटिश बँडमधल्या पोरांसारखे. पुस्तकातला ‘का’ नावाचा अजगर मोगलीच्या मदतीला धावतो, इथे तो डोळे गरगरवून पोरांना गिळायला बसलेला. नागपंचमीसाठी ओळखलं जाणारं बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बसून सापाला उगाच खलनायक केलेलं मला तरी पचत नाही. वाघ तर पुस्तकातही खलनायकच, पण इथे सह्याद्रीत वाघ टिकावा म्हणून ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली, आणि आपण पोरांना शेरखानच्या शेपटीला जळती फांदी बांधल्यावर टाळ्या वाजवायला सांगतो. बघीराही काळा बिबट्याच की. वाळवा-शिराळ्याकडे ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, तिथल्या पोरांना बिबट्या शिस्तीचा मास्तर वाटावा का, हा विचार ज्याचा त्याने करावा.

आता ‘बाम्बी’. यातही ससा बोलतो, घुबड बोलतं, सगळं गोड गोड आहे. पण कुठलंही पात्र गात नाही, गाणी मागून समूहाच्या आवाजात येतात. चित्रकारांना अभ्यासाला मिळावीत म्हणून स्टुडिओत अमेरिकेतल्या मेन राज्यातून हरणाची दोन पाडसं आणली होती, आणि ते पडद्यावर दिसतं. बाम्बी पहिल्यांदा उभा राहायला जातो तेव्हा चारही पाय चार दिशांना फाकतात, गुडघे एकेक करून सरळ होतात, कान मात्र उशिरा उभे राहतात. देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात चितळ-सांबर बघून आलेलं पोर हे लगेच ओळखतं.

पावसाचा प्रसंग तर मी मुद्दाम पुन्हा लावतो. आधी एक थेंब पानावर, मग दुसरा, पाखरं पिल्लांना पंखाखाली घेतात, आणि बघता बघता वळवाचा पाऊस कोसळावा तसं आभाळ फाटतं. पाडस आईला चिकटून विजेकडे बघत असतं. मागचं रान टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराच्या धाटणीतलं. पानन् पान काढायचं नाही, धुकं आणि उजेड रंगाच्या फटकाऱ्यात सुचवायचा. ‘जंगल बुक’मधलं रान त्यापुढे मला नेपथ्य वाटतं.

आणखी एक सोय म्हणजे संवाद मोजके. ‘जंगल बुक’चे विनोद बरेचसे बोलण्यातले, इंग्रजीची सवय नसलेल्या पोरांना शेजारी बसून सांगत राहावं लागतं. इथे गप्प बसलात तरी चालतं. घसरगुंडी झालेल्या तळ्यावर ससा बाम्बीला ढकलत नेतो तिथे तर शब्द लागतच नाहीत, जरी आपल्या पोरांनी बर्फ गाड्यावरच्या गोळ्यातच पाहिलेला असला.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. बाम्बीची आई मारली जाते. सिनेमा निम्मा उलटला की थोड्याच वेळात ते येतं. बर्फातून पहिलं कोवळं गवत डोकावतं, आई मान वर करते, कान टवकारते, पळ म्हणते. बंदुकीचा आवाज. पाडस झाडीत पोचून आनंदाने मागे बघतं तर मागे कुणी नाही. आईचं कलेवर दाखवत नाहीत, शिकारी तर अख्ख्या सिनेमात दिसत नाही. म्हणूनच पोर लगेच रडत नाही, आधी विचारतं, आई कुठं गेली? तेव्हा शेजारी मोठं माणूस हवं. १९९४च्या ‘लायन किंग’मध्ये बापाचा मृत्यू डोळ्यांदेखत आहे, पिल्लू त्याचा कान ओढून उठवायला बघतं. लहानांना तो याहून जड जातो, म्हणून तो मी आठ-नऊ वर्षांच्या आत धरतच नाही.

‘बाम्बी’वर माझा राग एवढाच की आई गेल्यावर सिनेमा क्षणात वसंतातल्या पाखरांच्या गाण्यावर उडी मारतो. पोरांना हुंदका गिळायलाही वेळ देत नाही. तिथे सरळ पॉज करा, पाणी प्यायला लावा. पुढे वणवा येतो, तोही माणसांच्या तळावरच्या शेकोटीतून उठलेला. उन्हाळ्यात डोंगर पेटलेला ज्यांनी गावाकडे पाहिलाय त्यांना समजवावं लागत नाही. एकतर्फीपणा मात्र आहे, तो नाकारू नये. सागरेश्वरच्या कडेला ज्याचं उभं पीक हरणांनी खाल्लंय, त्या शेतकऱ्यासमोर बाम्बीचं फार कौतुक करू नका.

तेव्हा घरात चार-पाच वर्षांची मंडळी असतील, किंवा जेवणं होऊन सगळ्यांना नुसतं हसायचं असेल, तर खुशाल ‘जंगल बुक’. नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल तरीही तोच. बाकी वेळी ‘बाम्बी’, सत्तर मिनिटं, आणि मोठ्यांपैकी एकाने शेवटपर्यंत उठायचं नाही. दोन्ही एकाच दुपारी मात्र लावू नका. लगेच बालू नाचायला लागला की पोरं विचारायचे ते प्रश्न विसरून जातात, आणि मग ते रात्री झोपायच्या वेळेला निघतात.