ल्युपसमध्ये फुफ्फुसांवर लक्ष ठेवायला: एचआरसीटी की पीएफटी?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, तो फुफ्फुसांनाही धरतो. एचआरसीटी म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, आणि पीएफटी म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी. निदान व्हायचं असतं तेव्हा हा प्रश्नच नसतो, दोन्ही होतात. पण ताप, खोकला आणि एक्स-रेवर डाग असतील, तर ते ल्युपसमुळे की जंतुसंसर्गामुळे हे आधी ठरावं लागतं. तिथे पीएफटी काय सांगणार! आणि अचानक धाप लागून हिमोग्लोबिन झपाट्याने उतरत असेल, तर थुंकीत रक्त दिसो न दिसो, थेट इमर्जन्सी गाठायची.

प्रश्न येतो आजार आटोक्यात आल्यावर. फॉलोअपला यातलं काय?

एचआरसीटी सोपी. झोपा, श्वास धरा, उठा. फुफ्फुसात जाळी (आजाराचे जाळीसारखे व्रण) कुठे धरलीय आणि किती, हे तीच दाखवते. थोडा किरणोत्सर्ग होतो, पण मला छळलं ते रिपोर्टच्या भाषेने. एकदा 'फारसा बदल नाही', पुढच्या वेळी 'किंचित वाढ', आणि खाली सही दुसऱ्याच रेडिऑलॉजिस्टची. आजार वाढला की लिहिणारा बदलला? दोन्ही सीटी शेजारी लावून बघणारं कुणी भेटेपर्यंत जिवाला घोर.

पीएफटीत घाम निघतो. नाकाला चिमटा, छाती रिकामी होईस्तोवर फुंकायचं, वर टेक्निशियनचं 'अजून, अजून' चालूच. प्लुरसीने (फुफ्फुसांच्या आवरणाच्या सुजेने) बरगडी दुखत असेल तर नकोच वाटतं. पण हाती आकडा येतो. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा, आधीपेक्षा 10 टक्के घसरली तर डॉक्टर ती किंचित म्हणून सोडून देत नाहीत. डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) मात्र हिमोग्लोबिन बघून वाचावी, अ‍ॅनिमियात ती उगाच कमी दिसते. एफव्हीसी ठीक आणि डीएलसीओच पडलेली असेल, तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब बघायला हृदयाची इको सांगतात. श्रिंकिंग लंगमध्ये (ल्युपसमुळे फुफ्फुसं आक्रसतात त्यात) तर सीटी जवळजवळ स्वच्छ येते, माणूस जिन्यात धापा टाकतो. ते बिंग पीएफटीच फोडते.

माझ्यापुरतं म्हणाल तर नियमित पीएफटी, आणि आकडा घसरला किंवा नवं लक्षण दिसलं तरच सीटी. नुकतंच आयएलडी (फुफ्फुसात जाळी धरण्याचा आजार) निघालेल्यांना डॉक्टर दोन्ही करायला सांगतील, तेव्हा त्यांचंच ऐकावं. पीएफटी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि सीटीची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नव्हे.