अँड्रॉइड सोडून आयफोन? आधी नोटिफिकेशनचं बघा

कॅमेरा, बॅटरी, किंमत यांची तुलना तुमची करून झालीच असणार, तेव्हा ती सोडून देऊ. नव्या फोनचं कौतुक ओसरलं की रोज खुपतं काय, एवढंच बघू. माझ्या मते नोटिफिकेशन.

जेवण मागवायच्या ॲपकडून ‘डिलिव्हरीवाला खाली आलाय’ हेही येतं आणि रात्री साडेदहाला ‘भूक लागली का?’ हेही. पहिलं हवंच, दुसरं नकोच. अँड्रॉइडवर 2017 च्या आवृत्ती 8 पासून नोटिफिकेशनचे प्रकार वेगळे करता येतात. नकोशी नोटिफिकेशन आली की ती दाबून धरायची, गिअरच्या खुणेवर टॅप करायचं. ऑर्डर, ऑफर, चॅट अशी यादी उघडते. त्यातलं फक्त ‘ऑफर’ बंद करायचं. बँकेच्या ॲपचंही तेच: पैसे कापल्याचं कळावं, कर्जाची जाहिरात नको.

सॅमसंगवर मात्र वन यूआय (सॅमसंगने अँड्रॉइडला चढवलेला स्वतःचा साज) 6.1 पासून ही यादी मुळात लपवलेली असते. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, आणि त्यात प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशन कॅटेगरीज दाखवण्याचं बटण चालू करावं लागतं. आपल्या फोनला ही सोयच नाही, असा पुष्कळांचा समज होतो तो यामुळे. काही बेरकी ॲप सगळं एकाच प्रकारात कोंबतात. तिथे अँड्रॉइडचाही इलाज चालत नाही.

आयफोनवर नोटिफिकेशन डावीकडे सरकवून ‘ऑप्शन्स’ उघडा. तासभर गप्प, दिवसभर गप्प किंवा कायमचं बंद, पण जे काय होईल ते सबंध ॲपचं. जाहिरातीचं नोटिफिकेशन ग्राहकाच्या संमतीनेच पाठवावं असा ॲपलचा नियम आहे, तरी पाळणारे पाळतात, बाकीचे नाही. ॲपच्या आत वेगळं बटण दिलं असेल तर नशीब. आयओएस (आयफोनची सिस्टीम) 15 मधली शेड्यूल्ड समरी, म्हणजे नोटिफिकेशन साठवून ठरलेल्या वेळी एकत्र दाखवणं, कामाची वाटते खरी. पण एखादं ॲप समरीत टाकलं की त्याची कामाची सूचनाही तिथेच अडकते. ‘टाइम सेन्सिटिव्ह’, म्हणजे तातडीची, असेल ती लगेच येते, पण तसं ठरवणार ॲप बनवणारा. दिवसाला तीस-चाळीस नोटिफिकेशन येत असतील तर एवढ्या एका गोष्टीवर माझा कल अँड्रॉइडकडे झुकतो.

उलट बाजूही सांगायला हवी. आयफोनवर नोटिफिकेशन सहसा वेळेवर येते. काही स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालणारी ॲप मारून टाकतात आणि मेसेज तासाभराने उगवतो. तिथे सेटिंग्जमध्ये त्या ॲपचा बॅटरी वापर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचा आणि ‘ऑटोस्टार्ट’ (ॲप आपोआप सुरू होणं) असेल तर तेही चालू करायचं. एवढी खटपट नको असणाऱ्याला, किंवा ज्याच्या फोनमध्ये ॲपच दहा-बारा आहेत त्याला, आयफोन सुखाचा जाईल.

आयफोनवर मराठी टायपिंग अवघड, हे रडगाणं आता जुनं झालं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय ॲपलच्या कीबोर्डवरच आहे.

जायचंच ठरलं तर दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिलं व्हॉट्सॲप. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. जुन्या फोनवर ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप टाकून, दोन्ही फोन चार्जिंगला लावून, आयफोनच्या पहिल्या सेटअपमध्येच ‘फ्रॉम अँड्रॉइड’ निवडायचं. नंबर तोच ठेवायचा. उत्साहाच्या भरात आयफोन आधी सुरू करून बसलात तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं यूपीआय. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना नंबर तुमचाच आहे हे पटवायला एक एसएमएस जावा लागतो. आयफोनवर ॲप आपणहून एसएमएस पाठवू शकत नाही. समोर तयार मेसेज येतो, तो एक अक्षरही न बदलता बँकेत नोंदवलेल्या सिमवरून आपणच पाठवायचा; दोन सिम असतील तर हमखास चूक होते ती इथेच. शिवाय नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवण्यावर 5,000 रुपयांची मर्यादा असते: अँड्रॉइडवर 24 तास, आयफोनवर 72. घरभाडं आणि शाळेची फी जुन्या फोनवरूनच भरून घ्या.