वॉल प्रायमर, 11 महिन्यांनंतर: पुट्टीचे ठिपके तसेच सोडू नका

पाण्यात मिसळणारा इंटिरियर वॉल प्रायमर, म्हणजे रंगाआधी भिंतीला द्यायचा पायाचा थर, 10 लिटरचा डबा. दिवाळीत रंगकाम झालं, आता पावसाळाही सरला. हॉलमध्ये पुट्टीवर (भिंत सपाट करणाऱ्या लेपावर) प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे, दोन. बेडरूममध्ये रंगाऱ्याने प्रायमर टाळून पहिला हात इमल्शनच पातळ करून मारला.

मालाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हॉलच्या खिडकीशेजारच्या भिंतीवरच्या सात-आठ ठिपक्यांची. समोरून पाहिलं तर काहीच नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की रुपयाएवढे, कुठे तळहाताएवढे डाग उमटतात. रंग तोच, चमक मात्र गेलेली.

प्रायमरचा एकसारखा पांढरा थर बसला की पुट्टीतले खड्डे आणि ओरखडे उघडे पडतात. रंगारी ते पुन्हा पुट्टीने भरतो, घासतो आणि थेट रंगाचा रोलर फिरवतो. चूक इथेच होते. ती ताजी पुट्टी पाण्याला हपापलेली असते. रंगातलं पाणी आणि बाइंडर (रंगाचे कण बांधून ठेवणारा चिकट घटक) दोन्ही ओढून घेते आणि वर कोरडा, निस्तेज थर राहतो. आजूबाजूची छिद्रं प्रायमरने बुजलेली असल्यामुळे तिथे बाइंडर वरच टिकतो आणि तजेला राहतो. मॅट रंगात हा फरक थोडाफार झाकला जातो, शीनच्या, म्हणजे किंचित चमकणाऱ्या, रंगात अजिबात नाही.

भरलेल्या प्रत्येक ठिकाणी 2 इंची ब्रशने प्रायमर लावायचा, कडेला दोन बोटं जास्त, आणि डब्यावर दिलेला वेळ सुकू द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे, ते रंगाऱ्याकडून उभं राहून करून घ्या. एकदा राहून गेलं तर डाग 320 नंबरच्या सँडपेपरने हलके घासून, पुसून, प्रायमर लावून पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागते. तेवढ्याच तुकड्याला रंग लावला तर जोड दिसतो.

आता बेडरूम. सुरुवातीचं मत असं होतं की पातळ इमल्शन आणि प्रायमर यांत फरक फक्त नावाचा. ते मत बदललं. रंगाचं काम छटा देणं, झाकणं आणि पुसणं सोसणं. प्रायमरचं काम खालच्या थरात मुरून सुटी भुकटी बांधणं, भिंतीचं शोषण सारखं करणं आणि रंगाला पकड देणं. बेडरूममध्ये पहिला हात पुट्टीने पिऊन टाकला, तिसरा द्यावाच लागला. 400 चौरस फुटांना एका हाताला साधारण 3 लिटर धरा: तेवढं महागडं इमल्शन जिथे गेलं, तिथे स्वस्त प्रायमर पुरला असता. शिवाय पलंगामागे चिकटपट्टी ओढली तर रंगाचा पापुद्रा पुट्टीच्या भुकटीसकट निघतो. हॉलमध्ये निघत नाही.

पण प्रायमरही पाणी घालून मारता येतो. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते मगाने मोजून घाला, अंदाजाने नाही. बादली पुरवायला पाणी वाढवलं की बाइंडर विरळ होतो. सुकल्यावर काळं फडकं जोरात फिरवून पाहा. पांढरी पूड आली तर थर कच्चा आहे. पुट्टी घासल्यानंतरची धूळ पुसली नसेल तरीही हेच होतं, कारण प्रायमर भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतो.

ओल मात्र प्रायमरने थांबत नाही. शंका असेल तर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून 24 तास ठेवा. आत थेंब दिसले किंवा भिंत काळवंडली तर आधी गळती शोधा. जुन्या गळतीचे पिवळे डाग भिंत सुकल्यावरही पाण्याच्या प्रायमरमधून वर येतात. तेवढ्या जागेला टर्पेंटाइनमध्ये मिसळणारा प्रायमर लागतो. नवीन प्लास्टरला किमान 28 दिवस द्या, कारण त्यातला क्षार तेलाच्या रंगाची साबणासारखी अवस्था करतो. आणि नुसता प्रायमर मारून भिंत महिनोन्महिने सोडू नका. त्यावर मळ बसतो, तो पुसून निघत नाही.

उरलेला प्रायमर पाणी न घालता, झाकण घट्ट लावून ठेवा. पाणी घातलेला पुढे वास मारतो. खिळ्याचं भोक बुजवलं की त्यावर लावायला हाच डबा लागणार आहे.