ओईटीच्या वाचन सरावाच्या नावाखाली झालेली फसवणूक

परदेशात नर्सिंगची नोंदणी मिळवायची तर अनेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेतला वाचनाचा भाग बऱ्याच जणींना अडवतो. वॉर्डात रोज इंग्रजी केसपेपर वाचणाऱ्या मुलींनाही तिथे वेळ पुरत नाही. या अडचणीवर धंदा करणारे लोक आहेत आणि त्यांनी मला फसवलं. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग याचा आहे की त्यांनी विकलेल्या चुकीच्या उत्तरतालिकांनी माझी वाचायची पद्धतच बिघडवली. पैसे पुन्हा कमावता येतात. वाकडी लागलेली सवय मोडायला फार जड गेलं.

मी ओईटीची, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टची तयारी करत होते. टेलिग्रामवर अभ्यासाचा एक फुकट ग्रुप होता, तिथे आम्ही एकमेकींना शंका विचारायचो. त्या ग्रुपमधून माझं नाव उचलून एका बाईंनी मला वेगळा मेसेज केला. प्रोफाइलला युनिफॉर्ममधला फोटो. "मी पण सिस्टरच आहे, पास होऊन बाहेर आले, आता आपल्या मुलींना मदत करते." बोलणं अगदी आपुलकीचं. नाइट कधी आहे ते विचारून घ्यायच्या आणि मी झोपलेली असेन त्या वेळेला मेसेज करायच्या नाहीत. पैशांचा विषय काढला तर म्हणायच्या, "ते नंतर बघू सिस्टर, आधी एक उतारा सोडवून बघा." आणि एक पीडीएफ पाठवली.

तो उतारा उत्तम होता. प्रश्न नेमके, पर्याय विचार करायला लावणारे, उत्तरं बिनचूक. चांगला असणारच, कारण तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नमुना प्रश्नपत्रिकेतून उचललेला होता. वरचं बोधचिन्ह कापून तिथे यांच्या क्लासचं नाव चिकटवलं होतं. खालच्या कडेला पानाच्या आकड्याचा वरचा अर्धा भाग मात्र तसाच राहिला होता. पुढे अधिकृत साइटवर तीच प्रश्नपत्रिका दिसली तेव्हा तो अर्धा आकडा कुठून आला ते कळलं. साइटवर ती सगळ्यांसाठी फुकट आहे. खरा माल तिथून उचलायचा, तो दाखवून विश्वास मिळवायचा आणि पैसे आले की स्वतः जुळवलेलं काहीतरी गळ्यात मारायचं, असा हा प्रकार.

पैसे भरायच्या आधी मला सांगितलं होतं की हा "मागच्या परीक्षांच्या धर्तीवर बनवलेला, नर्सिंगसाठी खास रीडिंग सेट" आहे. ही जाहिरात तुमच्याकडे आली तर तिथेच थांबा. ओईटी आरोग्य क्षेत्रातल्या १२ व्यवसायांसाठी घेतली जाते. लेखन आणि संभाषण प्रत्येकाच्या व्यवसायाप्रमाणे वेगळं असतं, पण वाचन आणि श्रवण सगळ्यांना एकच. नर्सला, दंतवैद्याला आणि फिजिओथेरपिस्टला वाचनाचा पेपर सारखाच येतो. नर्सिंगसाठी वेगळं रीडिंग असा काही प्रकारच नाही.

पैसे भरल्यावर फायली यायला लागल्या आणि प्रत्येक फाइलवर लाल अक्षरात "रिकॉल" असा शिक्का. म्हणजे कुणीतरी परीक्षा देऊन आलं आणि आठवून लिहून काढलं, असा दावा. त्याआधी हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नव्हता. त्या शिक्क्याचा उपयोग त्यांनी पुढे कसा केला ते सांगते, आधी फायलींत काय होतं ते बघा.

खरी वाचनाची परीक्षा ६० मिनिटांची आणि ४२ प्रश्नांची असते. पहिल्या 'ए' भागात एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, त्यावर २० प्रश्न आणि वेळ फक्त १५ मिनिटं. ती संपली की त्या भागाकडे परत फिरता येत नाही. उरलेल्या ४५ मिनिटांत 'बी' आणि 'सी'. 'बी'मध्ये कामाच्या ठिकाणचे सहा तुकडे, म्हणजे मेमो, सूचना, नियमावलीतला एखादा परिच्छेद, आणि प्रत्येकाखाली तीन पर्यायांचा एक प्रश्न. 'सी'मध्ये दोन मोठे लेख, दोन्हींवर आठ-आठ प्रश्न, चार पर्याय. मला मिळालेल्या फायलींत 'ए'मध्ये तीनच मजकूर होते आणि वर वेळ लिहिली होती २० मिनिटं. 'बी'मध्ये चार पर्याय. पाच मिनिटं जास्त म्हणजे किरकोळ गोष्ट वाटेल, पण 'ए' भागाचा सगळा जीव त्या १५ मिनिटांत आहे. कोणती माहिती कोणत्या मजकुरात आहे ते झरझर शोधायचं, पूर्ण वाचत बसायचं नाही, हा वेग अंगात भिनवायचा असतो. २० मिनिटांच्या हिशोबाने सराव केलेली मुलगी खऱ्या परीक्षेत शेवटचे प्रश्न कोरे सोडून येते.

आता उत्तरतालिका. एक मेमो होता इन्फ्युजन पंपाबद्दल, म्हणजे नळीतून (लाइनमधून) शिरेत औषध सोडणाऱ्या यंत्राबद्दल. मजकूर साधारण असा: अलार्म वाजला तर आधी लाइन तपासा, लाइन ठीक असूनही अलार्म पुन्हा वाजला तर पंप रीसेट करत बसू नका, त्याला लेबल लावून बाजूला ठेवा आणि दुसरा पंप घ्या, अलार्मची वेळ नोंदवा. प्रश्न होता, हा मेमो कशासाठी काढला आहे? पर्याय असे: अलार्म कशामुळे वाजतो ते समजावण्यासाठी, सदोष उपकरण वापरातून कधी काढायचं ते सांगण्यासाठी, आणि नवीन पंपाची ओळख करून देण्यासाठी. चौथा पर्याय नुसता जागा भरायला टाकलेला होता. मी दुसरा पर्याय निवडला. तालिकेत पहिला बरोबर दिलेला. मी विचारलं, असं कसं? त्यांच्या "ट्रेनर सरां"चा व्हॉइस मेसेज आला: "मॅडम, उताऱ्यात अलार्म हा शब्द किती वेळा आलाय बघा. ज्या पर्यायात तो शब्द, तेच उत्तर. वाचत बसू नका, कीवर्ड मोजा."

हे ऐकताना आजही चीड येते, कारण अशा परीक्षा नेमक्या याच्या उलट चालतात. चुकीचा पर्याय बऱ्याचदा मुद्दाम उताऱ्यातल्याच शब्दांनी सजवलेला असतो, म्हणजे घाईने शब्द जुळवणारा त्यात अडकावा. बरोबर पर्यायात तोच अर्थ वेगळ्या शब्दांत येतो. त्या मेमोत "सदोष उपकरण" असा शब्द कुठेच नव्हता, "वापरातून काढणं" पण नव्हतं. पण पुन्हा अलार्म वाजला की पंप बाजूला ठेवा, याचा अर्थ दुसरा काय होतो? मेमो वाचलेल्याला ते उत्तर सापडतं, शब्द मोजणाऱ्याला सापडत नाही. ट्रेनर म्हणवणाऱ्या माणसाने मला चुकीचं उत्तर निवडायची शिस्त लावली आणि त्याचे पैसे घेतले.

'सी' भागाचीही तीच गत. तिथे लेखकाचं मत ओळखायचे प्रश्न येतात. पाळीत काम करणाऱ्यांच्या झोपेवरच्या एका लेखात लेखक म्हणत होता की निष्कर्ष आशादायक आहेत, पण सहभागी लोक थोडे होते, तेव्हा घाई नको. तालिकेनुसार लेखकाचा त्या उपायाला "ठाम पाठिंबा". काही उत्तरं तर उताऱ्याला सोडूनच होती, वैद्यकीयदृष्ट्या खरी पण त्या लेखात कुठेही न लिहिलेली. वाचनाच्या परीक्षेत हे विष आहे. आपण वर्षानुवर्षं वॉर्डात काम केलेलं असतं, त्यामुळे आपलं ज्ञान मध्ये येतंच. ते बाजूला ठेवून फक्त समोरच्या मजकुरात काय आहे ते सांगायला शिकणं हाच सराव असतो. आयईएलटीएस ही इंग्रजीची दुसरी परीक्षा देणाऱ्यांना तर "उताऱ्यात माहिती दिलेली नाही" असा उत्तराचा स्वतंत्र प्रकार असतो. त्यांना अशी तालिका मिळाली तर विचारूच नका.

बरं, हे सगळं चालू असताना माझे गुण मात्र चढत होते. प्रत्येक पेपर सोडवून पाठवला की रंगीत रिपोर्ट यायचा. आधी ३४५, मग ३७८, मग ४१२. हुरूप यायचा, आणि आपल्याला शंका येते आहे तर आपलंच कुठेतरी चुकत असेल असंही वाटायचं. रिपोर्ट त्यासाठीच होता. माझ्या वॉर्डातली एक मैत्रीण पण हाच सेट घेऊन बसली होती. एका पेपरला तिला मध्येच इमर्जन्सीसाठी उठावं लागलं आणि 'सी' भाग जवळजवळ कोरा ठेवूनच तिने फाइल पाठवली. संध्याकाळी तिचा रिपोर्ट आला, ४१२. आम्ही दोघींनी फोन शेजारी ठेवून बघितलं. आकडा तोच, खालचा शेरा तोच, "एक्सलंट इम्प्रूव्हमेंट" पण तेच. पेपर कुणी तपासतच नव्हतं.

त्या आकड्यांतच खोटेपणा होता. ओईटीचे गुण ० ते ५०० या पट्टीवर दहा-दहाच्या टप्प्याने देतात. ३४० असतात, ३५० असतात. ३४५ किंवा ४१२ नसतात. 'बी' श्रेणी ३५० ते ४४०. आयईएलटीएसमध्ये बँड, म्हणजे गुण, पूर्ण किंवा अर्धा असतो, ६, ६.५, ७ असा. कुणी तुमच्या रीडिंगला ६.८ देत असेल तर त्याला ती परीक्षा माहीतही नाही असं खुशाल समजा.

आम्ही पैसे परत मागितले. आधी आपुलकीच्या बाई गायब झाल्या. मग ट्रेनर आला आणि म्हणाला, पैसे परत कशाला, थोडे अजून भरा, परीक्षेला न बसताच निकाल "सिस्टीममध्ये टाकून" देतो. त्यासाठी पासपोर्ट, उमेदवार क्रमांक आणि परीक्षेच्या खात्याचा पासवर्ड हवा होता. आम्ही काहीच दिलं नाही. नोंदणी करणाऱ्या संस्था निकाल थेट परीक्षा घेणाऱ्यांकडून ऑनलाइन पडताळतात, त्यामुळे असलं प्रमाणपत्र तिथेच उघडं पडतं, आणि बनावट कागद दिल्याचा ठपका नोंदणीच्या अर्जावर बसतो. पासवर्ड गेला तर तुमच्या नावाने तारीख बदलणं, परीक्षा रद्द करणं, काहीही होऊ शकतं.

नाही म्हटल्यावर तो लाल शिक्का बाहेर आला. "तुम्ही फुटलेले पेपर विकत घेतले आहेत, स्क्रीनशॉट आहेत आमच्याकडे, बोर्डाला कळवू का? आयुष्यभर परीक्षा देता येणार नाही." मैत्रीण रडायलाच लागली. घरच्यांनी कर्ज काढून तिला शिकवलं आहे, तिच्यावर काय बेतलं असेल बघा. ही धमकी पोकळ वाटत नाही, कारण गैरप्रकाराचा संशय आला तर निकाल रोखायचा किंवा रद्द करायचा अधिकार परीक्षा घेणाऱ्यांना खरोखरच असतो. या भीतीपोटी मुली गप्प बसतात आणि वर आणखी पैसे देतात. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, देऊ नका. आम्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेला स्वतःच लिहिलं: काय सांगून विकलं, काय पाठवलं, शिक्का कधी दिसला, सगळं तारखांसकट, सोबत आधीची जाहिरात आणि धमकीचे मेसेज. तेच सगळं सायबर पोलिसांना आणि बँकेला दिलं. क्लासवाल्यांना "आम्हीच कळवलं आहे" एवढं लिहिलं, त्यानंतर धमकी आली नाही.

सराव मी पुन्हा पहिल्यापासून केला, अधिकृत साइटवरच्या फुकट नमुना पेपरवर. पेपर थोडे असतात, पण एकेक पुरवून वापरता येतो. प्रत्येक उत्तराला उताऱ्यातलं जे वाक्य आधार देतं त्याखाली रेघ मारायची, आणि उरलेले पर्याय का चुकीचे ते वहीत एका ओळीत लिहायचं. कोणतीही उत्तरतालिका हातात आली की हीच परीक्षा तिचीही घ्या. दोन-तीन उत्तरांना उताऱ्यात आधारच सापडत नसेल तर ती फाइल फेकून द्या, कितीही पैसे भरलेले असोत. शब्द मोजायची सवय मात्र बरेच दिवस डोकं वर काढत राहिली. उतारा वाचायच्या आधीच डोळे पर्यायातला शब्द शोधायला धावायचे. त्यावर मला एकच गोष्ट लागू पडली. पर्याय हाताने झाकायचे, प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत म्हणायचं, मग हात काढायचा.

दुसरा हप्ता बँकेने वेळेत अडवला, तो परत मिळाला. पहिला अजून मिळालेला नाही, तक्रार चालू आहे. त्या क्लासवाल्यांचा ग्रुप बंद झाला, पण नुकतीच एका ज्युनियर मुलीने मला दुसऱ्या नावाच्या क्लासची "फ्री मॉक टेस्ट" दाखवली आणि त्यात तोच पंपाचा मेमो होता, चार पर्यायांसकट. तुमच्याकडे तो आला तर लगेच भांडायला जाऊ नका, ग्रुपमधून बाहेरही पडू नका, कारण आपण बाहेर पडलो की ते दोन्हीकडचे मेसेज पुसतात. आधी जाहिरातीचा, खात्याच्या नावाचा आणि ज्या नंबरवरून बोलणं झालं त्याचा स्क्रीनशॉट काढा, व्हॉइस मेसेज फोनमध्ये वेगळे सेव्ह करा, पैसे भरले असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, आणि मगच त्यांना काय ते सुनवा.