एक्सबॉक्स सिरीज एस वर रेट्रोआर्क, महिनाभर वापरून
डेव्ह मोडमध्ये (डेव्हलपरांसाठीचा मोड, यात बाहेरची अ‍ॅप्स टाकता येतात) रेट्रोआर्क, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं अ‍ॅप, टाकून महिना झाला आणि खरं सांगतो, जाम जीव रमलाय त्यात. १९९४ चा सुपर मेट्रॉइड गेम लावला तर आधी बटण दाबलं की त्यातली नायिका सॅमस क्षणभर थांबूनच उडी मारायची, मग टीव्हीचा गेम मोड चालू केला, रन-अहेड (पुढची फ्रेम आधीच काढून उशीर कमी करणारी सेटिंग) एका फ्रेमवर ठेवलं म्हणजे अजून साधारण १६ मिलिसेकंद वाचले, आणि हाताला एकदम जुना फील आला! सीआरटी शेडर (जुन्या डबा टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर) लावाच, मूळ चित्र जेमतेम २५६ बाय २२४ पिक्सेलचं, मोठ्या स्क्रीनवर नुसते ठोकळे दिसतात. सेव्ह स्टेट (गेम कुठल्याही क्षणी जसाच्या तसा साठवणं) तर वरदानच आहे. सेटिंग्ज भरपूर आहेत, एक संध्याकाळ मोकळी ठेवा. अ‍ॅप फुकट आहे, बिनधास्त टाका.