ठरावीक पेन्शन की स्वतःचं खातं?

भाचीला नोकरीत यातलं एक निवडायचं आहे. खातं म्हणजे आपल्या नावावर साठलेले, बाजारात गुंतवलेले पैसे; निवृत्तीनंतर त्यातूनच भागवायचं. तिला माझं सांगणं असं.

आधी जोखीम. ठरावीक पेन्शनमध्ये बाजार कोसळला तरी दरमहा रक्कम येते. पण अनेक देशांत ती आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून दिली जाते. वृद्ध वाढले, तरुण घटले की भार तरुणांवर, आणि हे मला खरोखर खुपतं. चिलीने १९८१ मध्ये वैयक्तिक खाती आणली. त्यात पुढच्या पिढीवर ओझं नाही. मात्र २००८ सारख्या पडझडीत निवृत्त होणाऱ्याचं नुकसान त्याचं एकट्याचं. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बाईचं खातं तर तुटपुंजंच राहतं.

महागाईची भरपाई पेन्शनमध्ये आहे का, हे विचारून घे.

सतत नोकऱ्या बदलणार असशील तर खातं बरं, ते सोबत येतं. एकाच ठिकाणी टिकणार असशील आणि पडझड सोसायला दुसरा आधार नसेल, तर पेन्शनच घे.