सोलापुरातली मुलांची कॅथ तपासणी: मोजमाप चोख, रिपोर्ट तोकडा

फुप्फुसाकडे जाणारी धमनी अरुंद असल्याचा संशय आला, की सोलापूर-पंढरपूरकडचे पालक थेट पुण्याचा रस्ता धरतात. निदानापुरती ही धावपळ टाळता येते. शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये (शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन तपासण्याची, म्हणजेच ‘कॅथ’ची खोली) हे काम मनापासून होतं.

कॅथ लागतेच का? टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मुख्य धमनी आणि तिचा फाटा दिसतो. फांद्या फुप्फुसात शिरल्या, की हवेमुळे पुढचं दिसत नाही. सीटीत आकार कळतो, पण आतला दाब कॅथमध्येच मोजता येतो.

जांघेतल्या शिरेतून शीथ (छोटी प्रवेशनळी) घालून कॅथेटर (बारीक लांब नळी) हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून धमनीच्या फांदीत खोलवर नेतात. दाब घेण्याआधी ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या उंचीला लावून झीरो करतात आणि नळीतली हवा काढतात. इथला टेक्निशियन यात जराही घाई करत नाही, हे फार महत्त्वाचं. बुडबुडा राहिला तर लहर चपटी येते आणि वरचा (हृदय आकुंचन पावतानाचा) दाब खोटाच कमी दिसतो. मग कॅथेटर सावकाश मागे ओढत सलग नोंद घेतात. समजा फांदीत वरचा दाब 18 आणि मुख्य धमनीत 52 मिमी पारा आला, तर उडी जिथे बसली तिथेच अडथळा. तुलनेसाठी, हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातला वरचा दाब एरवी 25च्या आसपास असतो. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडताना एक्स-रेची ट्यूब डोक्याकडे कलती घेतात, कारण सरळ चित्रात फांद्या एकमेकींवर येऊन फाट्यावरची अरुंद जागा झाकली जाते.

कमी पडतो तो रिपोर्ट. ‘ग्रेडियंट (अडथळ्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) 12, सौम्य’ एवढ्यावर भागत नाही. एकच बाजू अरुंद असेल तर रक्त दुसऱ्या फुप्फुसाकडे वळतं आणि अडथळा मोठा असूनही फरक कमी भरतो. म्हणून सर्वांत अरुंद जागेचा आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून मागाच. त्याशिवाय अरुंद जागा रुंद करणारा बलून (फुगा) किती मापाचा लागेल ते ठरत नाही.

तान्ह्या बाळासाठी सकाळची पहिली वेळ घ्या. अंगावरचं दूध 4 तास आधी, वरचं दूध 6 तास आधी बंद. तपासणीनंतर पाय सरळ ठेवायचा; पाऊल गार किंवा निळसर वाटलं तर लगेच सिस्टरना दाखवायचं. डिस्चार्जआधी तपासणीची सीडी ताब्यात घ्या आणि काउंटरवरच लावून बघा, दाबाचे आलेख सोबत आहेत ना तेही पाहा.